कथेत घरचं माणूस घेतलं आणि आता एक ओळ सुचत नाहीये

पाटीपेन्सिल | 11 जून, रात्री 11:48

नमस्कार मंडळी. सात-आठ वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी कथा लिहिते. म्हणजे वर्षाला एक, फार तर दोन, दिवाळी अंकांत. नोकरी आहे, सासूबाईंचं दुखणं आहे, मुलाची बारावी आत्ता कुठे संपली, त्यातून जे होईल ते. पुस्तक वगैरे नाही.

गेल्या दिवाळीत एक कथा आली, माझ्या सख्ख्या मोठ्या काकूवर बेतलेली. संगमेश्वरजवळ आमचं घर होतं. मी अकरा वर्षांची असेन, मे महिन्याच्या सुट्टीत फडताळात खायला काहीतरी शोधत होते आणि काकूची दुधाच्या हिशेबाची वही हाताला लागली. डावीकडे तारीख, मग लिटर, मग पैसे, सगळं रेघा मारून. आणि मधूनमधून त्याच ओळीत, त्या दिवशी कोण तिला काय लागेलसं बोललं ते. आठवतंय तसं लिहिते. "ता. 9. दीड लि. वन्संनी पन्हे सर्वांत शेवटी दिले. अर्धा पेला." "ता. 10. एक लि. आज काही नाही." "ता. 11. दीड लि. मामंजी म्हणाले हिच्या माहेरी मीठ महाग असावे." बस. रडगाणं नाही, शिव्याशाप नाहीत. तेच पेन, तेच अक्षर. महिन्याच्या शेवटी दुधाची बेरीज आणि खाली दोन रेघा. दुसऱ्या गोष्टीची बेरीज नव्हती.

तेहेतीस वर्षं ती वही डोक्यात होती, शेवटी लिहिली. नाव बदललं, घर कोकणातून उचलून वाईला नेलं, चैत्रातल्या हळदीकुंकवाची संक्रांत केली, पन्ह्याचा तिळगूळ झाला. वाटलं झालं काम. नोव्हेंबरात चुलतभावाच्या बायकोने कथेचे फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकले, "आपली लेखिका" म्हणून, पुढे फुलं नि टाळ्या. दोन दिवस अभिनंदन. मग ग्रुप एकदम शांत. मग आत्याचा फोन. काकू तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, सात महिने झाले.

आता खरी अडचण. तेव्हापासून लिहिताच येत नाहीये. पात्राच्या हातात कप दिला तरी वाटतं हा कप मी कुणाच्या घरून उचलला. जुलैअखेर कथा द्यायचीय, संपादकांचे दोन मेसेज येऊन गेले. तुम्ही लिहिणारी मंडळी हे कसं निभावता? घरची माणसं घेता का? घेतली तर लपवता कशी? आधी सांगता का त्यांना?

तिकिटघर | 12 जून, सकाळी 7:15

अर्धा पेला!! मदत शून्य पण राहवलं नाही. वाचतोय.

अर्धविराम | 12 जून, सकाळी 9:40

नाव नि गाव बदलणं म्हणजे चोरीच्या गाडीची नंबरप्लेट बदलणं, ज्याची गाडी आहे तो आवाजावरून ओळखतो. माणूस नावात नसतो हो, लकबीत असतो. माझ्या एका कथेत मी शेजाऱ्याचं नाव, जात, नोकरी, बायको सगळं बदललं होतं पण चप्पल काढताना भिंतीला एक हात टेकवायची त्याची सवय तशीच राहिली, आणि त्याच्या मुलीनं तेवढ्यावरून मला जिन्यात गाठलं.

मी हल्ली दोन माणसं शिवतो. आमच्या सोसायटीच्या एका जुन्या सेक्रेटरींचं बोलणं, प्रत्येक वाक्याआधी "तसं नव्हे" म्हणायचं, आणि शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांचे हात, नखांत कायम रंग. या दोघांचा एक रिटायर्ड तलाठी केला. सहा महिने लागले. कारण नुसतं जोडून चालत नाही, पहिले तीन ड्राफ्ट तो सेक्रेटरी बोलत होता आणि सर हात हलवत होते, पडद्यामागून दोन माणसं एक बाहुली नाचवतायत असं. मग एके दिवशी त्याला मी बँकेत रांगेत उभा केला, तिथे त्यानं असं काहीतरी केलं जे त्या दोघांपैकी कुणीच केलं नसतं. मागच्या बाईला पुढे जाऊ दिलं आणि मग तिच्यावरच चिडला. तिथून तो माझा झाला.

एक विचारू? तुमच्या कथेत निवेदक कोण आहे? ती लहान मुलगीच "मी" असेल तर खेळ तिथेच खलास.

पाटीपेन्सिल | 12 जून, दुपारी 1:22

हो. मीच. अकरा वर्षांची, मे महिन्याची सुट्टी, फडताळ. वाईला फडताळ असतात का हेही तपासलं नव्हतं :(

वऱ्हाडी_ठेचा | 12 जून, दुपारी 2:05

गाव बदलणाऱ्यांना आमच्याकडून कोपरापासून नमस्कार. गाव बदललं की तोंड बदलावं लागते बाप्पा! पुण्यामुंबईचे लेखक ओळख लपवायला पात्र आमच्या अकोल्या-अमरावतीकडे पाठवून देतात, आणि "मला"चं "मले" नि "का"चं "काहून" केलं की झाली म्हणे वऱ्हाडी. क्रियापदाचं काय? "करून राहिलो", "येऊन राहिली" कुठं गेलं? आमची आजी कोणाला निरोप देताना "येजो" म्हणायची, "सांभाळून जाजो" म्हणायची. हे "जो" ज्याच्या कथेत दिसते तो माणूस खरंच आमच्याकडे जेवला आहे असं मी समजतो. बाकीच्यांचं वऱ्हाडी म्हणजे नाटकातल्या नोकराचं वऱ्हाडी.

सोनटक्का | 12 जून, दुपारी 2:31

वऱ्हाडी_ठेचा +१०० . कोल्हापूरचंही तेच. आमच्याकडे बायका "मी आलो", "मी जातो" म्हणतात, हे कथेत लिहिलं तर मुद्रितशोधक इमानेइतबारे "मी आले" करून टाकतात. माझी अख्खी नायिका एका रात्रीत कोल्हापूरहून कोथरूडला शिफ्ट झाली होती, अंक हातात आल्यावर कळलं.

पाटीपेन्सिल, टोपणनाव घेऊन बघा की. हा उपाय जुना आहे. 1933 साली "कळ्यांचे निःश्वास" आलं ते विभावरी शिरूरकर या नावानं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते त्यात होतं, त्यावरून केवढं काहूर उठलं, आणि बाई कोण आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाळूताई खरे त्या, पुढे मालतीबाई बेडेकर. खऱ्या नावानं लिहिलं असतं तर नोकरीच्या ठिकाणी उद्या तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न होताच.

पाटीपेन्सिल | 12 जून, दुपारी 4:10

टोपणनाव बाहेरच्यांसाठी ठीक आहे हो. काकूला माझं नाव बघून नाही कळलं, वही बघून कळलं.

कलम_कसाई | 12 जून, संध्याकाळी 6:55

वकील आहे, म्हणून कोरडा प्रतिसाद. "या कथेतील सर्व पात्रे काल्पनिक" हे वाक्य म्हणजे कवचकुंडलं नव्हेत, माणूस ओळखू येत असेल तर त्या एका ओळीनं फारसं काही वाचत नाही. फौजदारी मानहानी पूर्वी दंडसंहितेच्या 499-500 मध्ये होती, 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. लोकांना वाटतं "खरं तेच लिहिलं" म्हणजे सुटलो. फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. आणि तुमच्या काकूच्या दुधाच्या वहीत लोकहित दाखवायला माझ्यापेक्षा भारी वकील लागेल. अर्थात घरातलं भांडण आहे, कोर्टात कुणी जाणार नाही, हलकेच घ्या.

कडू_कारलं | 12 जून, रात्री 9:18

सगळे लपवायचं कसं तेच शिकवतायत. मला मूळ पोस्टमध्ये एक गोष्ट खटकली. काकूला कथा वाचून राग आला की कथेमुळे काही झालं? ग्रुप दोन दिवस अभिनंदन करत होता म्हणजे तोपर्यंत कुणी ओळखलं नव्हतं. मग दोन दिवसांत काय झालं? आणि ती वही तुमच्याशिवाय घरात कुणाकुणाला माहीत होती?

पाटीपेन्सिल | 13 जून, रात्री 12:37

हा प्रश्न येणार हे माहीत होतं, धागा काढताना मुद्दाम वळसा घातला होता.

कुणालाच माहीत नव्हती. काकांनाही नाही. मी वही जागेवर ठेवली होती आणि कुणाला बोलले नव्हते. त्या संध्याकाळी काकूने मला विचारलं होतं, "फडताळात हात घातलास काय गो?" मी नाही म्हटलं. ती काही बोलली नाही, रात्री दुधाची साय माझ्या वाटीत जास्त पडली. मला आजही माहीत नाही ती लाच होती की तशीच.

कथा वाचून चुलतवहिनीने (फोटो टाकणारी तीच, रत्नागिरीला काकू त्यांच्याकडेच असते) सहज गंमत म्हणून काकूची ट्रंक उघडली. एक नाही, नऊ वह्या निघाल्या. तिनं बसून वाचल्या. तिच्या स्वतःबद्दलही होतं, शेवटच्या दोन वह्यांत. मग आत्याबद्दलच्या पानांचे फोटो आत्याला. काकू देवळातून परत आली तर वह्या जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या. भाऊ सांगत होता, ती काही बोलली नाही, सगळ्या गोळा करून मागच्या पडवीत गेली आणि सकाळी आंघोळीच्या बंबात घातल्या. नऊच्या नऊ. त्या दिवशी सगळ्यांच्या आंघोळी त्या पाण्यानं झाल्या असतील.

तर ओळखण्याचा प्रश्न नाहीच. मी एक दार दाखवलं.

तिकिटघर | 13 जून, सकाळी 7:02

बाप रे.

कडू_कारलं | 13 जून, सकाळी 8:30

प्रामाणिकपणे सांगितलंत, आवडलं. तरी म्हणतो, ही चोरी होती. आठवण चोरणं वेगळं आणि लपवलेली वस्तू चोरणं वेगळं. काकूची चाल, तिचं बोलणं, तिची साडी हे चारचौघांनी पाहिलेलं होतं, ते खुशाल घ्या. वही तिनं दाखवली नव्हती.

पडवी | 13 जून, सकाळी 10:12

कारलं, इतकं सोपं असतं तर साहित्य म्हणून नुसती लग्नातली वर्णनं उरली असती. जे दाखवलेलं आहे तेवढंच लिहायचं तर लिहायचं कशाला?

मी स्वतः चौदा वर्षं लपून लिहितेय. घरी माहीत नाही असं नाही, पण "तुझं ते चालू दे" अशा सुरात माहीत आहे. टेबल नाही. ओट्यावर कुकरच्या शिट्ट्या मोजत मोबाईलमध्ये लिहिते, शेजारी कणकेचा हात म्हणून एक बोट स्वच्छ ठेवायचं. मी लिहिते तेव्हा नवऱ्याला वाटतं व्हॉट्सॲप चाललंय, आणि मी त्याचा तो गैरसमज राहू देते कारण व्हॉट्सॲपला कुणी "दाखव बघू" म्हणत नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी आत्मकथन वीसेक वर्षं घरच्यांपासून लपवून लिहिलं, हे वाचलं तेव्हा माझं रडगाणं मला एकदम लहान वाटलं होतं. पण सांगायचा मुद्दा, उद्या माझ्या नोट्स ॲपवर कुणी कथा लिहिली तर? काकूची वही मला साहित्यच वाटते. नऊ वह्या, तीस-चाळीस वर्षं, रोज एक ओळ. इथल्या किती जणांनी एवढी शिस्त पाळलीय?

नऊ_बेचाळीस | 13 जून, दुपारी 12:48

पडवी ताई, कणकेचं बोट _/\_

माझं टेबल म्हणजे बदलापूर लोकल. सव्वा-दीड तास जायला तेवढाच यायला, बसायला मिळालं तर सहाशे शब्द, उभा असलो तर दीडशे. प्रायव्हसी म्हणाल तर शेजारचा खांद्यावरून वाचतो. एकदा एक काका दोन स्टेशनं गप्प वाचत होते, मी मुलुंडला फोन खिशात ठेवला तर म्हणाले, अहो, मग ती सही करते की नाही? घाटकोपरपर्यंत मला त्यांना पुढची गोष्ट सांगावी लागली, आणि सांगताना लक्षात आलं की मला माहीतच नाहीये. असा संपादक मला आजवर मिळाला नाही.

घरच्यांना आधी दाखवावं का, तर मी वडलांना एकदा दाखवली होती कथा, त्यांच्यावरच होती, त्यांची सुटलेली नोकरी वगैरे. तीन दिवस ठेवून घेतली. परत दिली तेव्हा लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेलं, सतरा चुका, शेवटी सतरा आकडा लिहून गोल केलेला. बाकी एक अक्षर नाही. ती कथा मी आजतागायत कुठे पाठवली नाही.

काळा_चहा | 13 जून, रात्री 8:20 (इथे सकाळ)

न्यू जर्सीहून. माझा प्रॉब्लेम उलटा आहे, माझी माणसं मला ओळखतच नाहीत. सत्तावीस वर्षं झाली देश सोडून आणि माझ्या कथांतलं पुणं 1998 ला थांबलंय. गेल्या कथेत नायिका कोपऱ्यावरच्या पीसीओत जाऊन एक रुपयाचं नाणं टाकते, भाची म्हणाली मावशी हे ऐतिहासिक आहे का? मराठीही तिथेच गोठलीय, माझी तरुण पात्रं अजून "च्यायला, सॉलिड यार" म्हणतात. घरचं माणूस जवळ असून रागावलंय, हे मला हेवा वाटण्यासारखं आहे असं म्हटलं तर राग मानू नका.

जुना_वाचक_52 | 14 जून, सकाळी 6:10

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मी 1978 च्या सुमारास कथा पाठवीत असे. तेव्हाच्या एका मोठ्या मासिकाने माझ्या पाच कथा "साभार परत" केल्या, पण सहाव्या वेळी संपादकांचे चार पानी पत्र आले. त्यात एक प्रश्न होता: "ही बाई रागावली आहे हे तुम्ही तीनदा सांगता. ती त्या दिवशी भात कसा वाढते?" मी तीन आठवडे विचार केला. भात कसा वाढते ते मला माहीत नव्हते, कारण ज्या बाईवर मी लिहीत होतो तिच्या पंगतीला मी बसलो होतो पण तिच्याकडे पाहिले नव्हते. ती कथा मी सोडून दिली, आणि त्यानंतर लिहिणेही हळूहळू सुटले. आता हिशेब केला तर अपमान झाला म्हणून नव्हे, आळसाने सुटले.

आज तसे पत्र कोण लिहितो? 1909 साली "मनोरंजन"ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही आपली एक वेगळीच परंपरा आहे, सणाला फराळाबरोबर कथा, पण तीनशे पानांचा अंक दोन महिन्यांत उभा करायचा तर संपादकाने भात कसा वाढला ते विचारायचे कधी?

सोनटक्का | 14 जून, सकाळी 9:25

काका, तुमचा प्रतिसाद वाचून नाश्ता गार झाला.

अवांतर: मानधनाबद्दल कुणी बोलतच नाहीये म्हणून. गेल्या वर्षी मला दिवाळीच्या कथेचे पंधराशे मिळाले, फेब्रुवारीत. त्याच्या आदल्या वर्षी एका अंकाने "लेखक प्रत" दिली, तीही कुरिअरचे पैसे मी भरून. आणि कथा युनिकोडमध्ये पाठवायची, ते त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलणार, त्यात "दुसऱ्या"मधला र पंख फुटल्यासारखा उडून भलत्याच अक्षरावर बसणार. चार महिने जिवाचं रान करून नायिकेच्या तोंडी घातलेलं वाक्य "तुझ्या घऱयात" असं छापलेलं बघितलंय मी.

तिकिटघर | 14 जून, सकाळी 9:31

घऱयात 😂 अवांतर वेगळ्या धाग्यात न्या हो, हा धागा शंभरी गाठणार असं दिसतंय.

अर्धविराम | 14 जून, रात्री 10:50

मूळ प्रश्नाकडे. काल रात्री पडल्या पडल्या विचार करत होतो की ही वही बदलायची झाली तर काय करता येईल. म्हणजे वही हे नुसतं सामान झालं. ती करते काय? ती रोजच्या हिशेबात अपमान बसवते. मग दुसरं काही घेऊन बघू. एक विधुर काका, भिंतीवरचं कॅलेंडर, ज्या दिवशी मुलानं फोन केला नाही त्या तारखेला पेन्सिलीचा ठिपका, शेजारी गॅसच्या टाकीची तारीख. जमतंय का?

पाटीपेन्सिल | 14 जून, रात्री 11:30

नाही जमत. ठिपका दुसऱ्याला दाखवायला असतो, भिंतीवर आहे तो, मुलगा आला की दिसावा म्हणून. काकूचं कुणी बघू नये असं होतं. आणि "आज काही नाही" हे ठिपक्यात कसं बसवणार? मला त्या अख्ख्या वहीतलं तेच जास्त लागलं होतं. काही झालं नाही त्या दिवशीही तिनं लिहिलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत वाट बघितली होती.

अर्धविराम | 14 जून, रात्री 11:41

खरंय. कॅलेंडर रद्द.

मग बाजू बदला. ट्रंक उघडणारी सून घ्या "मी" म्हणून. तिनं का उघडली, पहिलं पान बघून वही मिटली का नाही, स्वतःचं नाव दिसल्यावर तिला काय वाटलं. बरं वाटलं असेल का, की आपणही एवढे मोठे आहोत कुणाच्या तरी वहीत?

पाटीपेन्सिल | 14 जून, रात्री 11:58

म्हणजे काकूनंतर आता वहिनी. उरलेलं खानदान पुढच्या दिवाळीला.

कडू_कारलं | 15 जून, सकाळी 7:50

हा हा. बरं, एक विचारतो, रागवू नका. तुम्ही लिहिता म्हणजे टिपणं काढत असालच? कोण काय बोललं, कुणाचा हात कसा हलला, तारीखवार?

पाटीपेन्सिल | 15 जून, सकाळी 8:44

काढते. का?

कडू_कारलं | 15 जून, सकाळी 8:46

काही नाही. लिटर तेवढे लिहीत नसाल.

पडवी | 15 जून, सकाळी 9:05

कारलं, आज कडूपणा जरा जास्तच जमलाय.

नऊ_बेचाळीस | 21 जुलै, सकाळी 9:51

धागा वर काढतोय. पाटीपेन्सिल ताई, महिना झाला, गायब आहात. जुलै संपत आला. कथा झाली का?

पाटीपेन्सिल | 4 ऑगस्ट, रात्री 10:15

आले. सगळ्यांची क्षमा मागते, सासूबाई आठ दिवस दवाखान्यात होत्या.

गेल्या शनिवारी रत्नागिरीला जाऊन आले. न सांगता गेले, सांगितलं असतं तर नको म्हणाली असती. पाऊस असा की एसटी निवळीच्या पुढे रांगत होती. काकू मागच्या पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. बघितलं, "ये" म्हणाली, जसं काही मी परवाच येऊन गेले. मीपण एक सुरी घेऊन बसले. आठळीचं ते वरचं पांढरं साल नखाला चिकटतं, तेवढाच आवाज. मी पाठ करून नेलेलं सगळं विसरले, माफीबिफी. अर्धी परात झाल्यावर तीच म्हणाली, मान वर न करता, जशीच्या तशी लिहिते:

"संक्रांत नव्हती ती. चैत्र होता."

मी म्हटलं, काकू, मुद्दाम बदललं होतं, कळू नये म्हणून.

"कळायचं काय त्यात. तिळगूळ काय शेवटी दिला तरी तेवढाच असतो. पन्हं शेवटाला तळाचं येतं, गूळ विरघळलेला नसतो, चोथा येतो. तुला ठाऊक हवं होतं."

मंडळी, मी तीन महिने घासूनपुसून कथा लिहिली होती आणि लपवण्याच्या नादात त्या प्रसंगातला नेमका अपमानच काढून टाकला होता. काका, भात कसा वाढते, तेच हे.

वाटलं एवढ्यावर सुटले. मग हात धुवायला उठली आणि जाताजाता म्हणाली, "तुझ्या आईची पानं तुला मिळाली नाहीत वाटतं."

मिळाली होती. हे मी तुम्हालाही सांगितलं नव्हतं. त्या वहीत आईचं नाव, म्हणजे "धाकट्या जाऊबाई", त्या अर्ध्या तासात मी वाचलेल्या पानांत चार वेळा होतं. आत्याचं दोनदा. आजोबांचं तीनदा. कथेत आत्या आली, आजोबा आले, धाकटी जाऊ आलीच नाही. पहिल्या ड्राफ्टमध्येसुद्धा नव्हती. मी विचार करून गाळली असती तर बरं झालं असतं, मी तर तिला बाहेर ठेवतेय हे मला कळलंही नव्हतं.

अर्धविराम | 4 ऑगस्ट, रात्री 10:40

हे वाचून पाच मिनिटं नुसता बसलोय.

कडू_कारलं | 4 ऑगस्ट, रात्री 10:58

माझे सगळे शब्द मागे. काकूंना संपादक नेमा.

वऱ्हाडी_ठेचा | 5 ऑगस्ट, सकाळी 8:12

तळाचं पन्हं! वाईले नेलं नसतं तर हे गेलं नसतं. म्हटलं होतं ना बाप्पा.

सोनटक्का | 5 ऑगस्ट, सकाळी 9:30

मग अंकाचं काय केलंत? डेडलाइन गेली ना?

पाटीपेन्सिल | 5 ऑगस्ट, दुपारी 1:15

संपादकांनी पंधरा तारखेपर्यंत मुदत दिलीय. एक जुनी अर्धवट कथा होती, दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या मावशींची, ती काढलीय. पण मन तिच्यात नाही. कथा आईच्या पानांचीच आहे, आणि तिला विचारल्याशिवाय या वेळी एक ओळही लिहिणार नाहीये.

पडवी | 5 ऑगस्ट, दुपारी 1:40

विचारलंत?

पाटीपेन्सिल | 5 ऑगस्ट, रात्री 9:52

आत्ताच फोन ठेवला. म्हटलं आई, काकूच्या वहीत तुझ्याबद्दल लिहिलेलं होतं, मी लहानपणी वाचलंय, तुला काही बोलायचंय का त्यावर.

बराच वेळ गप्प होती. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, "कुठल्या सालचं? शहाऐंशीच्या आधीचं असेल तर मलाही सांगायचंय."